दुआ शिकवा, मग थांबा

कोकणातल्या मशिदींचे इमामसाहेब, मुतवल्ली आणि जमातीचे कारभारी यांना खुलं पत्र

सन्माननीय इमामसाहेब, मुतवल्लीसाहेब आणि कारभारी मंडळी,



पत्र उर्दूत न लिहिता मराठीत लिहितोय, याचा राग मानू नये. जमातीच्या सभेचं इतिवृत्त आपण मराठीत लिहितो, ग्रामपंचायतीला अर्ज मराठीत करतो आणि भांडायची वेळ आली की आपल्या कोकणीवर उतरतो. हे पत्रही एका भांडणाबद्दलच आहे. फर्ज नमाज संपल्यावर इमामानं हात वर करून मोठ्यानं दुआ मागायची आणि मागच्या सफांनी (रांगांनी) आमीन म्हणायचं, की ज्यानं त्यानं मनातल्या मनात मागून उठायचं, यावरून गेली काही वर्षं आपल्या मोहल्ल्यांत जे चाललंय, त्याबद्दल.

ज्या वाचकांनी मशीद बाहेरूनच पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवसाच्या पाच फर्ज नमाजा इमामाच्या मागे जमातीनं पढल्या जातात. शेवटी इमाम आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फेरतो आणि नमाज तिथे पुरी होते. त्यानंतर लगेच कुणी उठून गेला तरी त्याच्या नमाजेत काही उणं राहत नाही. यावर शाफई, हनफी, मालिकी, हंबली या चार पंथांत कुणाचंच दुमत नाही. आपलं भांडण आहे ते त्यापुढच्या दोन-चार मिनिटांचं, म्हणजे नमाज संपल्यानंतरच्या वेळेचं.

आपल्याकडची जुनी चाल सगळ्यांना ठाऊक आहे. फजर आणि असरनंतर लांब दुआ, कारण त्यांच्या पाठोपाठ सुन्नत नमाज नसते. जोहर, मगरीब आणि इशानंतर आटोपती. काही गावांत सुन्नत-नफल उरकल्यावर सगळे पुन्हा बसतात आणि दुसरी सामुदायिक दुआ होते, तिला दुआ-ए-सानी म्हणतात. मग सत्तरच्या दशकापासून आपली पोरं कुवेत, सौदी, कतार, दुबईला जाऊ लागली. हजला, उमराला जाणारेही वाढले. मक्केच्या हरममध्ये त्यांनी पाहिलं की इमाम सलाम फेरतो, लोक आपापले बोटांवर तसबीह मोजतात, आणि हात वर करून सगळ्यांची मिळून दुआ काही होत नाही. घरी परतल्यावर गावच्या मशिदीत तीच दुआ त्यांना खटकू लागली. ही बिदअत आहे, असं कुणीतरी पहिल्यांदा बोललं आणि पहिल्या सफेतल्या म्हाताऱ्यांना ते झोंबलं. आपल्या बापजाद्यांनी जन्मभर जे केलं त्याला काल विमानातून उतरलेला पोरगा दीनमधली भेसळ म्हणतो, हे कुणाला झोंबणार नाही?

आता चित्र असं आहे. सलाम फिरला की मागच्या सफेतली तरुण मुलं ताडकन उठतात, जरा जास्तच ताडकन, म्हणजे उठलो हे दिसावं. पुढचे म्हातारे हात वर करतात, जरा जास्तच वर. जाणाऱ्याची पाठ आणि बसणाऱ्याचे तळवे, दोन्ही एकमेकांना दाखवण्यासाठी. त्या क्षणी अल्लाहकडे कुणाचं लक्ष असतं, हे त्यालाच ठाऊक.

पहिली तक्रार दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांकडे आहे. जी गोष्ट फर्ज नाही, वाजिब नाही, तिच्यावरून आपण जमात मोडायला निघालो आहोत. मिळून दुआ मागणाऱ्यांनी ती इतकी सक्तीची केली की उठून जाणारा वहाबी ठरतो. न मागणाऱ्यांनी ती इतकी मोठी चूक ठरवली की बसून राहणारा गुमराह ठरतो. आमच्या मोहल्ल्यात यावरून सोयरीक अडलेली मी पाहिली आहे. नमाज दोघांची एकच, किबला एकच, रुकू-सजदे एकच, आणि लग्न अडतं कशावर, तर नमाज संपल्यानंतरच्या दोन मिनिटांवर!

हे भांडण आपण शोधून काढलेलं नाही. चौदाव्या शतकात स्पेनमधल्या ग्रॅनाडात हेच झालं. तिथल्या इमामांची नमाजेनंतर मिळून दुआ मागण्याची चाल अबू इसहाक अश-शातिबी या मालिकी विद्वानाला मान्य नव्हती. तिथलेच मोठे मुफ्ती अबू सईद इब्न लुब्ब यांनी त्या चालीची बाजू घेतली. शातिबींनी ‘अल-इतिसाम’ या ग्रंथात लिहून ठेवलंय की लोकांनी त्यांच्यावर काय काय आळ घेतले. दुआचा काही उपयोगच नाही असं हा म्हणतो, इथपर्यंत मजल गेली. शातिबी वारले १३८८ साली. १४९२ साली ग्रॅनाडाच हातचं गेलं आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही बाजूंच्या मशिदी बंद झाल्या. केरळात आपल्यासारख्याच शाफई असलेल्या मापिळ्यांमध्ये सुन्नी आणि मुजाहिद गटांत हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे. इंडोनेशियात मुहम्मदिया ही संघटना १९१२ ची, नहदलतुल उलमा १९२६ ची. फजरचा कुनूत, म्हणजे नमाजेतच उभ्यानं मागायची दुआ, आणि नमाजेनंतरचा सामुदायिक जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, हे तिथे कोण कुठला हे ओळखायचं साधन झालं. उत्तरेत हनफींमध्येही यावर लिहून झालंय. जमियत उलमा-ए-हिंदचे मुफ्ती किफायतुल्लाह यांनी या एका विषयावर वेगळी पुस्तिका लिहिली. फर्ज नमाजेनंतरची दुआ त्यांनी उचलून धरली आणि दुआ-ए-सानीची चाल नाकारली. तेव्हा बाबांनो, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता जी ‘दलील’ येऊन पडते, ती कुणीतरी सहाशे वर्षांपूर्वी मांडलेली असते आणि तिला उत्तरही तेव्हाच दिलेलं असतं.

गल्फहून आलेल्या मुलांना दोन शब्द, कारण तेही उद्याचे कारभारी आहेत. तुम्ही ज्यांचा हवाला देता ते आलिम इब्न तैमिया या सामुदायिक दुआच्या विरोधात होते, हे खरं. दुआची खरी जागा नमाजेच्या आत, सलामच्या आधी, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच इब्न तैमियांनी हेही सांगितलंय की इमाम कुनूत पढत असेल तर मागच्यानं त्याच्याबरोबर पढावं, कारण असल्या मतभेदाच्या बाबतीत जमातीत फूट पडू नये. पहिला अर्धा भाग तुम्ही पाठ केला, दुसरा सोडलात. आणि एकानं मागायचं, बाकीच्यांनी आमीन म्हणायचं, यात मुळात काही परकं आहे का? आपण शाफई रोज फजरच्या दुसऱ्या रकातीत, रुकूतून उठल्यावर, नेमकं हेच करतो आणि तेही ऐन नमाजेत. कुरआनात मूसा अलैहिस्सलाम दुआ करतात आणि कबूल झाल्याचं सांगितलं जातं ते मात्र दोघा भावांना; हारून अलैहिस्सलाम आमीन म्हणत होते, असा अर्थ तफसीरवाल्यांनी लावला आहे. नका बसू दुआला, तुमचा हक्क आहे. पण उठताना पुढच्याच्या गुडघ्यावरून उडी मारून जाऊ नका.

आता कारभारी मंडळी, तुमच्याकडे येतो. तरुणांना गप्प करायला आपण म्हणता, ‘आम्ही शाफई आहोत, आमच्या मसलकात हे चालत आलंय.’ चला, मसलकातच, म्हणजे आपल्या पंथातच पाहू. इमाम शाफई, जे ८२० साली इजिप्तमध्ये वारले, त्यांचा ‘अल-उम्म’ हा ग्रंथ आपल्या मसलकाचा पाया. नमाजेनंतरच्या जिक्रबद्दल त्यात त्यांनी आपली पसंती स्पष्ट सांगितली आहे: इमाम आणि मागचे, दोघांनीही सलामनंतर जिक्र करावा आणि हळू आवाजात करावा. अपवाद एकच. लोकांनी आपल्याकडून शिकावं असं इमामाला वाटत असेल, तर त्यानं मोठ्यानं म्हणावं. लोक शिकले असं दिसलं, की परत आवाज खाली. इब्न अब्बास यांची बुखारीत हदीस आहे, की पैगंबरांच्या काळात फर्ज नमाजेनंतर जिक्रचा आवाज चढायचा आणि त्यावरून नमाज संपल्याचं कळायचं. तिचा अर्थही इमाम शाफई असाच लावतात, की थोडे दिवस आवाज चढवला असेल, लोकांनी शिकावं म्हणून.

माझं सगळं गाऱ्हाणं याच एका जागेवर उभं आहे. मोठ्यानं म्हणायची मुभा शिकवण्यापुरती होती. आपण पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यानं म्हणत आलो, पण शिकवलं कुणाला? आणि शिकवलंच नाही तर थांबणार तरी कधी?

पुरावा हवा असेल तर उद्या फजरला मागच्या सफेत बसून नुसतं ऐका. इमामसाहेब सलाम फेरतात, लोकांकडे तोंड करून बसतात, हात वर करतात. सुरुवात अल्लाहच्या स्तुतीनं होते, मग पैगंबरांवरचा दरूद. मागणं अजून सुरूच झालेलं नसतं. पण इमामसाहेब जिथे श्वास घेतात तिथे सफेतून ‘आमीन’ पडतं. स्तुतीला आमीन, दरूदला आमीन. पुढे खरं मागणं येतं, तेव्हा वेग इतका वाढलेला असतो की श्वासाला जागाच नसते, आणि जिथे आमीन हवं तिथे ते नसतं. शेवटी ‘रब्बना आतिना’ची दुआ येते. ती ओळखीची, मदरशात पाठ केलेली. म्हणून तिथे आवाज एकदम मोठा होतो. मग हात तोंडावरून फिरतात आणि सगळे उठतात. त्या दुआत या जगातलं भलं, आखिरतमधलं भलं आणि आगीपासून सुटका अशा तीन गोष्टी मागितल्या, हे किती जण सांगू शकतील? मी विचारून पाहिलं आहे. आकडा सांगत नाही, मशिदीची अब्रू जाईल.

दोष आमीन म्हणणाऱ्यांचा नाही. ज्या पोराला आपण लहानपणी मदरशात सकाळी दोन तास बसवून अरबी अक्षरं वाचायला शिकवली, त्याला त्या अक्षरांचा अर्थ कुणी सांगितलाच नाही. तोच आता साठीचा होऊन पहिल्या सफेत बसलाय.

आता जुम्म्याच्या चिठ्ठ्यांबद्दल. लोक आपलं दुखणं-खुपणं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून इमामसाहेबांच्या हातात देतात, दुआत आठवण ठेवा म्हणून. कुणाच्या वडिलांचं मुंबईत ऑपरेशन असतं, कुणाच्या होडीचं इंजिन ऐन हंगामात बसलेलं असतं, कुणाच्या मुलीचा निकाल लागायचा असतो. एवढा जिवंत मजकूर. दुआत त्याचं काय होतं? ‘तमाम बीमारों को शिफा, तमाम परेशानहालों की परेशानी दूर’. झालं. पण त्याच दुआत ज्यानं मशिदीला इन्व्हर्टर दिला, त्याचं नाव मात्र बापाच्या नावासकट, हल्ली राहणार दोहा, असं खणखणीत येतं. आजारी माणूस ‘तमाम’मध्ये आणि देणगीदार नावानिशी, ही विभागणी कुणी ठरवली? देणगीचे आभार मानायला फलक आहे, पावती आहे, जमातीची सभा आहे. दुआ हे जाहीर सत्काराचं ठिकाण नाही. आजाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनं घ्या, सगळ्यांना कळेल अशा भाषेत घ्या. मग बघा आमीन कसं येतं.

इमामसाहेब, इथे आपल्याला एक आठवण देतो, गुस्ताखी माफ. हदीसमध्ये आलं आहे की लोकांची इमामत करणाऱ्यानं दुआत फक्त स्वतःसाठी मागू नये. तसं केलं तर त्यानं त्यांचा विश्वासघात केला. म्हणजे इमाम मागतो तो मागच्यांच्या वतीनं. ज्यांच्या वतीनं मागतोय त्यांना काय मागितलं ते कळू नये, हे कसं?

दुसरी गोष्ट उशिरा आलेल्यांची. ज्याची एक-दोन रकाती सुटलेली असते, तो इमामाच्या सलामनंतर उभा राहून त्या पुऱ्या करतो. त्याची नमाज अजून चालू असते आणि ती फर्ज असते. इमामसाहेबांची दुआ, जी फर्ज नाही, माइकवरून त्याच्या कानात शिरते. तो बिचारा फातिहा पढतापढता अडखळतो, परत सुरू करतो, परत अडखळतो. जोहरला तर असे लोक जास्तच, कारण दुकान बंद करून, एसटी पकडून, वर्गातून सुटून येणारे असतात. फर्जला ऐच्छिक गोष्टीनं धक्का द्यायचा नाही, हे सांगायला मुफ्ती लागत नाही. माइक बंद करा. आपल्या बहुतेक मशिदी एवढ्या मोठ्या नाहीत की साध्या आवाजात ऐकू जाणार नाही. आणि लांबीबद्दल काय बोलायचं! पैगंबरांचे सहाबी मुआज रजियल्लाहु अन्हु यांनी खुद्द नमाज लांबवली, तर पैगंबरांनी त्यांना कडक शब्दांत समज दिली. मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाधंद्याचे असतात. दुआ तर नमाजेच्या बाहेरची गोष्ट. सलामनंतर पैगंबर एक छोटी दुआ म्हणण्यापुरतेच बसत, असं हजरत आयशांकडून सहीह मुस्लिममध्ये आलं आहे.

फजर आणि असरच्या लांब दुआबद्दलही जाता जाता. ती चाल आपण शाफई म्हणून जपतो. पण शाफई मसलकाचे थोर आलिम इमाम नववी यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवलंय की नमाजेनंतरचा जिक्र आणि दुआ पाचही नमाजांनंतर चांगली, इमामाला, त्याच्या मागे पढणाऱ्याला आणि एकट्यालाही; इमामाची दुआ फक्त फजर आणि असरला ठेवण्याची लोकांची सवय आहे, तिला आधार नाही. म्हणजे आपल्याच मोठ्या इमामानं दुआला हो म्हटलं आणि आपल्या वेळापत्रकाला नाही. हे सांगितलं की मला दोन्ही तटांतून शिव्या बसतात.

आता सगळ्यात कडू गोष्ट, इमामांच्या नेमणुकीची. आपल्याकडे उत्तर प्रदेश-बिहारमधून तरुण आलिम येतात. घरदार मागे ठेवून, मशिदीच्या शेजारच्या एका खोलीत राहतात. बहुतेक हनफी असतात, पण आपल्यासाठी शाफई पद्धतीनं नमाज पढवतात, कुनूत पढतात, रफयदैन, म्हणजे रुकूच्या आधी-नंतर हात उचलणं, करतात. मुलाखतीत आपण त्यांना काय विचारतो? किरात कशी, मुलांना शिकवता येतं का, गावच्या माणसांशी कसं वागाल? नाही. ‘दुआ करणार की नाही?’ हो म्हटलं तर एक गट पगाराची वर्गणी थांबवतो, नाही म्हटलं तर दुसरा. वर्षभरात इमाम बदलतो आणि मदरशातली पोरं परत पहिल्या धड्यावर. आमच्या भागातल्या एका जमातीनं तर दुआची अट लेखी घातली. लेखी पगारवाढ मात्र मी अजून पाहिलेली नाही. इमाम आणि अजान देणारा बांगी यांना आपण जे देतो ते ऐकलं तर गवंड्याच्या हाताखालचा बिगारीही हसेल. दुआ करावी की नाही हा निर्णय इमामाचा आणि त्या-त्या नमाज्याचा. कारभाऱ्यांनी त्यात ठराव करू नये, आणि केला असेल तर तो रद्द करावा.

माझ्या मागण्या फार नाहीत. महिन्याला एक दुआ घ्या. छोटी घ्या, नमाजेनंतर पैगंबर जे म्हणायचे तिथूनच सुरुवात करा, तीनदा इस्तिगफार, मग सलामतीची ती छोटी दुआ, मग ३३-३३-३३ ची तसबीह आणि शंभरी पुरी करणारा कलमा. फळ्यावर देवनागरीत आणि उर्दूत लिहा, खाली अर्थ लिहा, कोकणीत लिहिलात तर आणखी चांगलं. महिनाभर इमामसाहेबांनी ती मोठ्यानं, सावकाश म्हणावी. जिथे मागणं आहे तिथे थांबावं, म्हणजे आमीन आपल्या जागी येईल. महिना संपला की त्या दुआपुरता आवाज खाली, दुसरी सुरू. मदरशातल्या मुलांना तोच अर्थ वहीत उतरवून द्या. मशिदीत न येणाऱ्या आमच्या घरच्या बायकांपर्यंत ती वही पोहोचेल. आज तर दुआचा एक शब्दही त्यांच्यापर्यंत जात नाही, आणि घरात सगळ्यांसाठी सगळ्यात जास्त दुआ त्याच मागतात. ज्याला बसायचं त्यानं बसावं. ज्याला उठायचं त्याच्यासाठी दोन्ही कडांनी वाट मोकळी ठेवा. दुआ-ए-सानी जिथे चालू आहे तिथे ती निदान सक्तीची नाही, हे एकदा खुतब्यात सांगून टाका.

आणि हा विषय जमातीच्या पुढच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलू नका. तोवर निम्मी सभा उठलेली असते आणि उरलेल्यांचं लक्ष बिर्याणीच्या डेगीकडे असतं. हिशेब वाचून झाले की लगेच घ्या. इमामसाहेबांना आधी बोलू द्या, त्यांच्या पगाराचा विषयही त्याच दमात घ्या. गल्फहून आलेल्या मुलांपैकी निदान एकाला पुढे बसवा, आणि पहिल्या सफेतल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला त्याच्या शेजारी.

वस्सलाम.

आपला,
दुसऱ्या सफेतला एक नमाजी
जि. रत्नागिरी